बट्टा, बंदा रुपया आणि आजीचा डबा



दिवाळी जवळ आली की हर्नडनमधल्या आपल्या घरांतून दोन डबे क्लोझेटच्या वरच्या फळीवरून खाली उतरतात. एक पणत्यांचा आणि दुसरा लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांचा. गेल्या दिवाळीत मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "तू केमिस्ट ना गं? मग ही काळी पडलेली चांदीची नाणी लख्ख कशी करायची ते सांग की!" मी म्हटलं, "काकू, कृपा करून काहीच करू नका." मी टाळते आहे असं त्यांना वाटलं असावं. त्या तुटक उत्तरामागे मोठा इतिहास आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. दोन्ही सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी चूक सांगते. माझी आजी येवल्याची. तिच्याकडे एक पितळी डबा होता आणि त्यात तिच्या सासूबाईंकडून आलेले अकरा चांदीचे रुपये. दर लक्ष्मीपूजनाला ते बाहेर येत, त्यांना हळदकुंकू लागे, दुसऱ्या दिवशी आजी मऊ फडक्याने टिपून ते परत डब्यात ठेवी. वर्षानुवर्षांनी ते काळसर झाले होते. मी पुण्याला एम.एस्सी. करत होते तेव्हा मला रसायनशास्त्राचा नवा नवा अभिमान होता. दिवाळीच्या सुट्टीत थायोयुरिया आणि सौम्य आम्ल यांचं द्रावण करून मी अकराच्या अकरा रुपये त्यात बुडवून काढले. आठ रुपये पांढरेशुभ्र झाले. तीन मात्र करडे, निस्तेज निघाले आणि तसे का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आजीने कौतुक केलं, पण जरा वेळाने म्हणाली, "लख्ख झाले खरे, पण आपले वाटत नाहीत गं."

काही वर्षांनी उत्सुकता म्हणून ते रुपये मी एका जाणकार नाणेविक्रेत्याला दाखवले. त्याने आधी भिंगातून प्रत्येकावरची खूण पाहिली, मग नाणं तिरकं धरून पृष्ठभाग पाहिला आणि शेवटी ते काट्यावर टाकलं. एवढंच म्हणाला, "ताई, यांना आंघोळ घातलेली आहे. वजनाने घेईन." मी अर्थातच विकले नाहीत. पण त्याची ती तीन पायऱ्यांची पद्धत, म्हणजे खूण, स्थिती आणि वजन, मनात राहिली. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की ही पद्धत आजच्या छंदवाल्यांची नाहीच. पेशवाईतला सराफ हेच करत होता.

सराफाची पेढी

शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरं आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेली आहेत. शिवराई एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांतून चालत होती. चांदीच्या रुपयाची गोष्ट मात्र वेगळी. पेशवाईत मराठी मुलखात एकच रुपया नव्हता, अनेक रुपये होते. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, शेजारच्या निजामाचा, शिवाय सुरतेचा. बहुतेकांवर फारसी अक्षरात नाव दिल्लीच्या बादशहाचंच असे. मग ओळखायचं कसं? खुणेवरून. अंकुशी रुपयावर हत्तीच्या माहुताचा अंकुश असे, म्हणूनच तो अंकुशी. ज्याला फारसी येत नाही त्यालाही खुणेवरून टांकसाळ कळे, आणि टांकसाळ कळली की चांदी किती चोख असेल याचा अंदाज येई.

टांकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या असत. मक्तेदार चांदीत हात मारी आणि त्याचा फटका सर्वांना बसे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत (१७६१ ते १७७२) कर्नाटकातल्या खासगी टांकसाळी याच कारणाने बंद करून धारवाडला सरकारी देखरेखीखाली टांकसाळ घालण्यात आली.

टांकसाळीनंतर प्रश्न येई नाण्याच्या स्थितीचा. वापरून झिजलेला, कडेने कातरलेला, परख करताना सराफाने टाचे मारलेला रुपया पूर्ण किमतीला चालत नसे. त्यावर जी कसर कापली जाई तिला बट्टा म्हणत. मोगली अमलात तर नुसतं वय झालं तरी बट्टा लागे. चालू वर्षाचा रुपया तो सिक्का. वर्ष उलटलं की तो चलनी होई आणि त्याचा भाव उतरे. बंगालमध्ये इंग्रजांनी यावर गमतीदार तोड काढली. शाह आलम बादशहाच्या राज्यारोहणाचं एकोणिसावं वर्षच पुढे कायम नाण्यावर छापत राहिले, म्हणजे नाणं कधी 'जुनं' व्हायलाच नको!

ही सगळी सराफांची डोकेदुखी होती असं समजू नका. खरी झळ शेतकऱ्याला लागे. त्याच्या हातात धान्य विकून आलेला रुपया एका टांकसाळीचा आणि सरकारात भरायचा दुसऱ्या. मधला बट्टा त्याच्या पदरचा. म्हणून कर्जरोख्यात नुसती रक्कम लिहून भागत नसे, रुपया कोणता तेही लिहावं लागे.

आपल्या भाषेत हे सगळं अजून जिवंत आहे. 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणताना आपण सराफाच्या पेढीवरच बसलेले असतो. न मोडलेला, अखंड तो 'बंदा रुपया'. नाणं पारखून घेणं म्हणजे 'नाणावणं', म्हणून कसोटीला उतरलेला माणूस 'नाणावलेला'. दगडावर वाजवून नाद खरा निघाला की माणूसही 'खणखणीत नाणं' ठरतो.

मुंबईचा ठिपका

हा गोंधळ संपवला तो १८३५ च्या कायद्याने. कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम), आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. मुंबईची टांकसाळ तेव्हा नवी होती. मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४ ते १८२९ या काळात फोर्टमध्ये ती इमारत बांधली गेली आणि वाफेच्या यंत्रावर नाणी पडू लागली. यंत्राने पाडलेलं प्रत्येक नाणं सारखं, कडेला कातरलं तर लगेच कळणारं. वेगवेगळ्या रुपयांवरचा बट्टा हळूहळू इतिहासजमा झाला.

खुणा मात्र गेल्या नाहीत, बारीक झाल्या. कोणत्या टांकसाळीतून नाणं आलं हे सरकारला तपासासाठी हवं असे. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाची गंमत पाहा. हेच साल पुढे १८७४ पर्यंत छापलं जात होतं. मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून सालाखाली ठिपके द्यायला सुरुवात केली, उलटलेल्या प्रत्येक वर्षाला एक ठिपका. त्यामुळे '१८६२ चा रुपया' म्हणून दोघांनी दोन नाणी दाखवली तरी ती वेगळ्या वर्षांची असू शकतात आणि त्यांची किंमतही वेगळी असू शकते. एडवर्डच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणून खोदलेलं बारीक 'बी' अक्षर आलं, पंचम जॉर्जच्या रुपयावर तळाच्या फुलाखाली ठिपका आला. कलकत्त्याच्या नाण्यावर या काळात बहुधा काहीच नसे. दुसऱ्या महायुद्धात लाहोरलाही टांकसाळ निघाली, तिची खूण 'एल'.

स्वातंत्र्यानंतर हीच पद्धत चालू राहिली. सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखा ठोकळा दिसला तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, बारीक गोल ठिपका दिसला तर नोएडा (ही टांकसाळ १९८८ पासूनची) आणि काहीच नसलं तर कोलकाता. १९८५ च्या एका रुपयावर 'एच' दिसला तर चमकू नका. त्या वर्षी काही नाणी परदेशातून पाडून आणली होती आणि 'एच' ही बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीची खूण. भारतातून येताना उरलेली मोड प्रत्येकाच्या घरी एखाद्या बरणीत असतेच. पावसाळी रविवारी मुलांना ती बरणी आणि एक भिंग द्या. दुपार छान जाईल.

इकडचंही उदाहरण द्यायला हवं. आपल्या खिशातल्या क्वार्टरवर बहुधा 'पी' असतो, कारण पूर्व किनाऱ्यावर फिलाडेल्फियाचीच नाणी जास्त येतात. 'डी' म्हणजे डेन्व्हर. १९१६ साली फिलाडेल्फियाने नव्या नमुन्याचे २ कोटी २१ लाखांवर डाइम पाडले, डेन्व्हरने फक्त २ लाख ६४ हजार. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षरापायी किंमत शेकडो पटींनी बदलते. म्हणून साध्या डाइमवर खोटा 'डी' चिकटवणारे महाभागही निघाले! मुलांनी सुट्या नाण्यांत २०१९ आणि २०२० च्या क्वार्टरवर 'डब्ल्यू' शोधावा. ती वेस्ट पॉइंटची खूण. प्रत्येक नमुन्याची २० लाखच नाणी तशी पाडली आणि मुद्दाम चलनात सोडली.

चाळीस सालचा रुपया

आता माझ्या त्या तीन करड्या रुपयांचं कोडं. ते तिन्ही सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के. युद्धामुळे चांदी महागली, लोक रुपये साठवू लागले, म्हणून १९४० पासून सरकारने चार धातूंचा रुपया काढला. चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅमवरून ५.८३ ग्रॅमवर आली. १९४१ ते १९४३ या काळात जुने चोख रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. लोकांनी ते सगळे थोडेच परत केले! आजीच्या सासूबाईंचे आठ रुपये त्यातलेच असणार. १९४७ चा रुपया आला तो निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. ओळखायला सोपं आहे. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. ज्यांच्याकडे नाजूक काटा आहे त्यांनी पाण्यात बुडवून घनता काढावी. चोख रुपयाची साधारण १०.३ येते, चाळीसनंतरच्या रुपयाची ९.५ च्या आसपास.

माझ्या द्रावणातल्या आम्लाने या मिश्र धातूतल्या तांब्याजस्ताशीही खेळ केला, म्हणून ते तीन रुपये निस्तेज झाले.

दुर्मीळपणाचं एक सूत्र इथेच सांगते. जुनं म्हणजे महाग असं नाही. व्हिक्टोरियाचे कित्येक रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले, ते आजही सहज मिळतात. उलट १९३९ चा रुपया वयाने त्यांच्यापुढे पोर, पण फार थोडे उरले म्हणून महाग. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ साली हत्ती नीट काढला. तो 'डुकराचा रुपया' म्हणून संग्राहक आजही शोधतात. नाण्याचं वय बघू नये, मागे किती उरली ते बघावं.

पृष्ठभागाचं रसायन

आणि उरलेल्यांपैकी चांगल्या स्थितीत किती? अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखता येणारं, ७० म्हणजे निर्दोष. आज जगभर हीच पट्टी वापरतात. राजाच्या भुवईचे केस, कानाची पाळी, मुकुटावरची नक्षी असे उंचवटे आधी झिजतात, म्हणून तिथे आधी पाहतात.

पण झिजेपेक्षाही वाईट शेरा म्हणजे 'साफ केलेलं'. असं का, ते रसायनवालीने सांगायलाच हवं. ठशाचा दाब पडताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी चमक दिसते ती या रेषांची. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीचं सल्फाइड होतं, तोच काळा थर. या थरात नाण्याचीच चांदी आहे. द्रावणाने तो काढला की सोबत रेषांचे माथेही जातात. नाणं पांढरं होतं, पण चमक मेलेली असते. पितांबरी किंवा राखेने घासलं तर ओरखडे पडतात. चिंचेतलं टार्टरिक आम्ल पृष्ठभागातलं तांबं ओढून घेतं. घरातली भांडी यांनी जरूर घासा, नाणी नकोत.

मग करायचं काय? हळदकुंकवाचं मेण किंवा तेल बसलं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवा (नेलपॉलिशचं रंगीत रिमूव्हर नव्हे, आणि खिडकी उघडून, शेगडीपासून दूर), मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टिपून घ्या. पुसू नका. नाणं कडेला धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लाने हिरवा चिकटा धरतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद यांतही गंधक असतं. गंधकमुक्त कागदी पाकीट आणि सिलिका जेलची पुडी पुरे. पूजेला मात्र एकच रुपया नेमून ठेवा. त्याला हळदकुंकू लागू दे, तो त्याचा मान आहे. बाकीचे डब्यातूनच नमस्कार घेतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली कायद्याची. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. पंचम जॉर्जचे सुरुवातीचे रुपयेही आता या रेषेपलीकडे गेले आहेत. आजीने प्रेमाने हातावर ठेवले तरी बॅगेत टाकू नका. आमच्या डब्यातले जुने आठ रुपये म्हणूनच नाशिकला आत्याकडे आहेत. माझ्याकडे इथे फक्त ते तीन करडे. दुसरी गोष्ट फसवणुकीची. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा" असे निरोप घरच्या ज्येष्ठांना येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आईबाबांच्या कानावर नक्की घाला.

नाणी खूप पाहायची असतील तर वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात देशाचा नाणेसंग्रह आहे. हर्नडनहून २०२२ पासून थेट सिल्व्हर लाइन जाते. चांदीची नाणी पाहायला जाण्यासाठी याहून समर्पक गाडी कोणती!

शेवटी आजीच्या डब्याकडे येते. त्या आठांतल्या एका रुपयावर १८६२ खाली ठिपके आहेत आणि राणीच्या केसांची बट अजून स्पष्ट आहे. मी हात लावला नसता तर तो चांगल्या संग्रहात शोभला असता. माझ्याकडच्या तिघांतल्या एकावर 'एल' आहे, साल १९४४. लाहोरला पडलेला रुपया फाळणीआधी कुठून कसा येवल्याच्या डब्यात पोचला, ते आजीला विचारायचं राहून गेलं. आता ती नाही. नाण्यांना मी आंघोळ घातली तेव्हा त्यांची बाजारातली किंमत गेली, ते एक वेळ सोसता येतं. पण त्या काळ्या थरात साठ-सत्तर लक्ष्मीपूजनं होती आणि ती मी पाच मिनिटांत धुऊन टाकली. ती कुठल्याच द्रावणाने परत येणार नाहीत.

म्हणून काकूंना आणि तुम्हा सर्वांना विनंती. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आपापला डबा आहे तसा, न घासता घेऊन या. मी भिंग, काटा आणि लोहचुंबक घेऊन चहाच्या टेबलाशेजारी बसेन. आणि येण्याआधी भारतात फोन करून एवढं विचारून ठेवा, की ही नाणी आपल्या घरी आली कुठून. खूण आणि स्थिती मी सांगेन, ही गोष्ट तुम्हीच सांगू शकता.

चूकभूल द्यावी घ्यावी.